आई, अक्का आणि नागद्वीप

तुम्हाला तुमचा धर्म कोणी दिला, आईने की छापलेल्या कागदाने?

मला कागदाने दिला. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता, गठ्ठे होते. पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे. वडील हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि मी प्रुफावर बोट ठेवून चुका धरायचे. नवस कोणाच्या पोटासाठी असतो, गंडेदोरे माणसाला कसे वाकवतात, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. मी अजूनही पत्रकासारखीच बोलते, असं ऑफिसातले लोक म्हणतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

त्यातलं एक पत्रक नागांवर होतं. श्रीलंकेच्या उत्तरेला समुद्रात नागद्वीप नावाचं बेट आहे. तिथे मामा-भाचे असलेले दोन नाग राजे एका रत्नजडित आसनावरून लढायला उभे राहिले आणि बुद्धाने जाऊन ते भांडण मिटवलं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. वडिलांनी लिहिलं होतं की आपण त्या नागांचे वंशज, तेव्हा ते बेट आपलं माहेर. आपण एकदा जाऊ, असं ते दर पावसाळ्यानंतर म्हणायचे. ते गेले नाहीत, आणि मग वारले. तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं होतं की त्या बेटावर आईला मी न्यायचं. मीच, दुसऱ्या कोणी नाही. इतकी साधी इच्छा, पण तिच्यापायी मी जितकी जळले तितकी आयुष्यात कशापायी जळले नाही.

मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका फॅब्रिकेशन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. शेडमध्ये लोखंड कापलं जातं आणि वरच्या केबिनमध्ये मी त्या लोखंडाची ड्रॉइंग्ज आणि कागदपत्रं सांभाळते. राहते एका जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये. एक खोली माझी, दुसरी श्रीलंकेच्या एका बाईची, स्वयंपाकघर दोघींचं. ती एका डेंटल क्लिनिकमध्ये मदतनीस आहे. माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे हाक ठरवायला वेळ लागला नाही.

आई व्हिजिट व्हिसावर आली तोपर्यंत अक्काचं आणि माझं उत्तम चाललं होतं. वाद व्हायचे, पण ते मीच घालायचे. तुमच्याकडे जात पाहून भिक्खू करणारे संघ आहेत, हे खरं का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती नारळ खवत होती. हो, आहेत, म्हणाली, आणि खवत राहिली. मला चर्चा हवी होती आणि तिला रात्रीची आमटी करायची होती.

आई आली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मी ऑफिसातून परतले, तर स्वयंपाकघरात दोघी शेजारी बसून लसूण सोलत होत्या. आईची हिंदी नागपूरकडची, अक्काची हिंदी आखातात शिकलेली. त्या हिंदीत क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त. दोघींना मिळून एकही भाषा धड येत नव्हती. पण त्या पंचशील म्हणत होत्या. पालीत. एकाच दमात, एकाच ठिकाणी श्वास घेत. आईच्या आवाजात इतकी मोकळीक मी वस्तीत कधी ऐकली नव्हती, कारण तिथे माइक लावून कोणीतरी पुढे म्हणतं आणि बायका मागून ओढल्या जातात.

अक्काला मी नंतर त्या ओळींचा अर्थ विचारला. तिने खांदे उडवले. लहानपणापासून म्हणते, म्हणाली. मला शब्दन्‌शब्दाचा अर्थ येतो, व्युत्पत्तीसकट. त्या रात्री मी अंथरुणात ते पंचशील तिच्या चालीवर म्हणून पाहिलं. जमलं नाही. पत्रकाला चाल नसते.

मग सुट्टीच्या दिवशी त्या दोघी दुबईच्या विहारात जाऊ लागल्या. विहार म्हणजे एक भाड्याचा व्हिला. दारात चपलांचा ढीग, आत चटया, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि मागच्या अंगणात कुंडीत वाढवलेलं पिंपळाचं झाड. मीही एकदा गेले. तिथल्या भिक्खूंनी मी कुठली ते विचारलं आणि मी त्यांना आमच्या धर्मांतराचा इतिहास सांगितला, उभ्या उभ्या. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी आईच्या हातावर एक आंबा ठेवला. परतताना टॅक्सीत आईने तो मांडीवर घेतला होता. मी म्हटलं, बोलले मी आणि आंबा तुला. आई हसली, पण अक्काकडे बघून हसली.

ती अक्काला बाळ म्हणू लागली होती. अक्का तिला अम्मा म्हणायची. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी बाई माझ्या आईचं बाळ झाली, आणि मी झाले टॅक्सीचं भाडं देणारी.

नागद्वीपाचं निघालं ते याच विहारातून. ईदच्या सुट्टीत तिथली मंडळी मायदेशी यात्रा काढणार होती. कोलंबोपर्यंत विमान, पुढे बस, अनुराधपूर आणि मग उत्तरेला थेट बेट. अक्का घरी आली आणि तिने माझ्यासमोर आईला विचारलं, "अम्मा, नागदीप चलेगा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ते बेट माझ्या तोंडून निघायला हवं होतं. मी पैसे साठवत होते, तारखा बघत होते, पुढच्या वर्षी नेईन असं ठरवत होते, आणि या बाईने ते भाजीला चलतेस का इतक्या सहज विचारलं. मी पण येणार, असं म्हणाले. आवाज चढला होता, ते माझं मलाही ऐकू आलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्काने एक नाणं हळदीच्या पाण्यात धुतलं, पांढऱ्या चिंधीत बांधलं आणि खिडकीच्या गजाला गाठ मारून ठेवलं. प्रवास सुखाचा होऊ दे, परतल्यावर हे विहारात वाहीन, अशी त्यांच्याकडे रीत आहे. हळद आईने दिली होती, नागपूरहून आणलेली. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं की हा सरळसरळ नवस आहे आणि आपल्या घरात नवस चालत नाही, हे तुला मी वेगळं सांगायला हवं का?

"नवस तिचा हाय," आई म्हणाली. "माही फक्त हळद."

अनुराधपूरला आम्ही पहाटे पोचलो. रस्ताभर पांढरे कपडे. बायका, पोरं, म्हातारे, सगळे पांढरे, आणि कोणाच्या चेहऱ्यावर आपण काही वेगळं करतोय असा भाव नाही. आमच्याकडे जयंतीला पांढरी साडी नेसून बाई निघाली की ती कोण, ते अख्ख्या बाजाराला कळतं. इथे ते कळण्यासारखं काही नव्हतं. बहुसंख्य असणं अंगाला कसं लागतं, ते मी पहिल्यांदा पाहत होते, आणि खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटला. ज्या बोधिवृक्षाला ही माणसं हात जोडत होती त्याची फांदी आमच्याच देशातून गेलेली. झाड इथे वाढलं, सावली यांना मिळाली.

दाराशी असलेल्या माणसाने आम्हा दोघींना थांबवून परदेशी लोकांची खिडकी दाखवली. त्यात त्याचं काही चुकलं नाही, नियमच तसा. पण दारात कोणी हात आडवा केला की आमच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्यांचं काहीतरी ताठ होतं. आई मागे सरकून भिंतीला लागली. मी पर्समधून पासपोर्ट काढत होते आणि मनात भाषण जुळवत होते. तेवढ्यात पुढे गेलेली अक्का परत आली. तिने त्या माणसाशी दोन वाक्यं बोलून आईचा दंड धरला. तो बाजूला झाला. बुद्धाच्या दारात मी आत गेले ती तिच्या ओळखीने. हे मला फार लागलं.

आणि मग दुपारी, वाटेतल्या एका विहारात, ते झालं. मुख्य मूर्तीला वंदन करून मी बाहेर आले तर आई दिसेना. बाजूला एक लहान देऊळ होतं. आत निळा विष्णू, समोर रांग, रांगेत अक्का, आणि तिच्याशेजारी फळांचं ताट दोन्ही हातांत धरून माझी आई. लहानपणी ओळीत उभं राहून म्हटलेल्या बावीस प्रतिज्ञा माझ्या डोक्यात एकदम वाजायला लागल्या, विष्णूला देव मानणार नाही ही त्यातलीच. मी रांगेत घुसले. आई इथे येणार नाही, असं मी अक्काला सांगितलं. हिंदीत, मग इंग्रजीत, बसमधले सगळे वळून बघतील इतक्या मोठ्याने. आमच्या लोकांनी याच्या तावडीतून सुटायला किती पिढ्या घालवल्या, तुला कल्पना आहे का?

अक्का खरंच गोंधळली. तिला माझ्या रागाचं टोकच सापडेना. "ये तो इधर का वॉचमन है," ती म्हणाली. "मालिक अंदर बैठा है ना. बुद्ध."

मी गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे. मला ते आजही पटत नाही. विहाराच्या आवारात मला ना वॉचमन हवा ना देव. गप्प झाले ती हेव्याने. आमच्याकडे बुद्धालाच या विष्णूचा अवतार करून टाकलं, आणि ते खोडून काढायला माझ्या बापाने किती रिमं कागद छापला. या बाईच्या देशाने त्याच देवाला दाराशी उभं केलं आणि विषय संपवला. यावर एकसुद्धा पत्रक निघालं नसेल.

"आई, चल," मी म्हटलं.

"मी हात जोडले का?" आई शांतपणे म्हणाली. "माह्या हातात ताट हाय. ते तिचं हाय. तिचा नंबर आला का मी देतो आन येतो. तोवर तू सावलीत उभी राय."

ती रांगेत राहिली. तिचा नंबर येईपर्यंत मी पाहत होते. तिने मूर्तीकडे पाठ केली होती, तोंड रस्त्याकडे, ताट मात्र सरळ. अक्काने ताट घेतलं तशी ती वळून न पाहता निघून आली. प्रतिज्ञा तिने माझ्याइतकीच पाळली होती. पण ताट तिने अक्काचं धरलं होतं, आणि माझ्यासाठी ती कधी अशी उन्हात उभी राहिली ते मला आठवेना. नक्की राहिली असेल. त्या क्षणी मात्र मला एकही प्रसंग आठवला नाही.

उत्तरेला बस निघाली तसा रस्ता उघडाबोडका झाला. मध्येच पडकी घरं, मध्येच सैन्याच्या छावण्या, छावणीच्या दाराशी नवीकोरी बुद्धमूर्ती. इथली माणसं तमिळ होती, बसमधली सिंहली. बसमधली गाणी थोडी मोठ्याने व्हायला लागली. मला ते बरं वाटलं नाही आणि मी तसं अक्काला म्हणाले. आमच्याकडे बुद्ध मार खाणाऱ्यांच्या बाजूला उभा असतो, इथे तो बंदुकीच्या बाजूला का? अक्का म्हणाली की तिचा भाऊ युद्धात याच भागात शिपाई होता आणि तो परत आला नाही. माझा मुद्दा बरोबर होता, अजूनही बरोबर आहे. आईने मागच्या सीटवरून हात पुढे करून अक्काच्या डोक्यावर ठेवला.

धक्क्यावर ऊन पोळत होतं. बोटी लहान, माणसं फार. नौदलाचे जवान लोकांना लाइफ जॅकेट घालून आत उतरवत होते. आमच्या टोळीच्या पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या एका जागी ठेवल्या होत्या आणि जरा बघ म्हणून कोणीतरी मला तिथे उभं केलं. मी वळले तेव्हा बोट भरत आली होती. अक्का आधीच आत होती आणि तिने वर हात केला होता. "अम्मा, आओ, बोट जाएगा." आईने हात दिला आणि उतरली. मी धावले. जवानाने दोरी आडवी धरली. पुढची, असं त्याने बोटाने सांगितलं.

बोट सुटली. नारिंगी जॅकेटांच्या गर्दीत आईची पांढरी साडी थोडा वेळ दिसली, मग नाही. ज्या बेटावर तिला मी नेणार होते तिथे ती निघाली होती, आणि मी पिशव्या सांभाळत धक्क्यावर. मी रडले का? नाही. मी अक्काला शिव्या दिल्या, मनात, शुद्ध वऱ्हाडीत. तिच्या देशाला दिल्या, तिच्या नारळाला दिल्या, तिच्या त्या सोप्या, आयत्या, आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या धर्माला दिल्या. ज्याने कधी काही सोडलं नाही, ज्याला कधी काही सिद्ध करावं लागलं नाही, त्याच्या हातात माझ्या आईचा हात का? नागांचे वंशज आम्ही ना?

पुढच्या बोटीने उतरले आणि अनवाणी, तापलेल्या वाळूतून आईला शोधत गेले. पांढराशुभ्र स्तूप, झाडं, दिव्यांचा तेलकट वास. तिकडे अक्का दिवे लावत होती, एकटी. आई एका झाडाखाली वाळूत पाय पसरून बसली होती. हात मांडीवर. डोळे उघडे. ती काहीही करत नव्हती. इतकी वर्षं मी तिच्यासोबत राहिले, पण काहीही न करणारी आई मी पाहिलेली नव्हती.

तू माझ्यासाठी थांबली नाहीस, मी म्हटलं. बाबांचं बेट होतं हे. आपण दोघींनी एकत्र पाऊल ठेवायचं होतं.

"बोट भरली होती, माय."

ती तुला माझ्यापेक्षा जवळची झाली, मी म्हटलं. आता बोललेच होते.

"ती मले काई समजावून सांगत नाही," आई म्हणाली. "म्हून बरं वाटते तिच्यासंग."

मी उभीच होते. मग ती बोलत गेली, माझ्याकडे न बघता, स्तूपाकडे बघत. आपल्या वस्तीतलं विहार आठव, म्हणाली. किल्ली समितीच्या अध्यक्षाच्या घरी. जयंतीला उघडते, पौर्णिमेला कोणी पाहुणा आला तर उघडते. आदल्या दिवशी आम्ही बायका झाडतो, पुसतो, सतरंज्या घालतो. मागच्या बाजूला खिचडी आम्हीच रांधतो. माइक लागतो, हार घालतात, भाषणं होतात. ती संपली की भांडी आम्ही घासतो, आणि कुलूप लागतं. एकदा दुपारी, बाबा गेल्यानंतर, तिला तिथे जाऊन नुसतं बसावंसं वाटलं होतं. ती किल्ली मागायला गेली. कार्यक्रम कोणता आहे, असं अध्यक्षांनी विचारलं. तिला सांगता आलं नाही. ती परत आली. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

"तुह्या बापाच्या पत्रकात लय काई होतं," ती म्हणाली. "सगळं खरं होतं. मी एकही मोडलं नाही. पन मले बसाले जागा नव्हती."

मला बापाची बाजू घ्यायची होती. त्या कागदांनी आपल्याला माणसात आणलं, त्या कागदांशिवाय तू या बेटापर्यंत आली नसतीस, हे सगळं तोंडाशी आलं होतं. ते सगळं खरं आहे. पण आईने वाळूवर हात थापटून जागा दाखवली आणि म्हणाली, "बस. बोलू नको." मी बसले. ते फार कठीण गेलं. मला वाटतं, मी अर्धा वेळ अक्काकडेच बघत होते, ती दिवे लावून कधी येईल आणि आई तिला किती जागा देईल याचा अंदाज घेत. ती आली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसली. आईने तिला नेमकी माझ्याइतकीच जागा दिली.

शारजाला परतल्यावर आईचा व्हिसा संपत आला आणि ती गेली. एअरपोर्टवर ती अक्काला मिठी मारून रडली, मला पोळ्यांचं पीठ कुठे ठेवलंय ते सांगून गेली. आता तिचा फोन येतो तो आधी अक्काच्या मोबाइलवर. अक्का स्वयंपाकघरातून ओरडते, नागपूर, नागपूर, आणि मी पोचेपर्यंत दोघींचं अर्धं बोलणं झालेलं असतं. मी जळते. हे वाचून मी सुधारले असं कोणी समजू नये.

पण परवाचा फोन मी पहिल्यापासून ऐकला. आई अध्यक्षांच्या घरी पुन्हा गेली होती. कार्यक्रम कोणता, त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मले बसाचं हाय, ती म्हणाली. ते हसले, त्यांची सून आतून बाहेर आली, तीही हसली, आणि मग म्हणाली की मी पण येते. किल्ली मात्र मिळाली नाही. समितीच्या बैठकीत ठेवू, असं उत्तर मिळालं.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या वस्तीत विहार असेल आणि त्याला कुलूप असेल, तर येत्या रविवारी किल्ली ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे जा. एकटे जाऊ नका, आईला, सासूला, शेजारणीला सोबत घ्या. कार्यक्रम विचारला तर कार्यक्रम नाही म्हणून सांगा. दार उघडून घ्या, आणि बायका उठेपर्यंत ते कोणालाही लावू देऊ नका.